तारखेनुसार लावलेले कागद

बालरोगतज्ज्ञाने रक्ताच्या गुठळ्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. पायाच्या शिरेतील गुठळी, तरुण वयातील पक्षाघात, वारंवार होणारे गर्भपात हे विषय फिजिशियन, न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांचे. माझ्या दवाखान्यात खोकला, जुलाब, लसी आणि वजनाचे तक्ते. तरीही यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय मी मागून घेतला. त्यामागे एक रुग्ण आहे आणि माझ्या हातून राहून गेलेली एक गोष्ट आहे. त्या रुग्णाच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, ती येथे मांडतो.

२००४ सालच्या पावसाळ्यात इंदूरमधील एका परिचित घरातील १४ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. तिचे अक्षर अचानक बिघडले होते. हातातून पेला निसटे, वेणी घालताना हात भलतीकडे जाई, चेहऱ्यावर उगाच वेडेवाकडे हावभाव उमटत. ‘वर्गात मुद्दाम नखरे करते’ अशी शाळेतून तक्रार आली होती. तपासल्यावर कोरिया उघड दिसत होता. आपल्याकडे या वयाच्या मुलीला कोरिया झाला, की पहिला विचार ऱ्हुमॅटिक तापाचा, म्हणजे सिडनहॅम कोरियाचा येतो आणि ते योग्यच आहे. घसा दुखल्याचे कोणाला आठवत नव्हते, एएसओ वाढलेला नव्हता, इको निर्दोष होता. परंतु कोरिया घशाच्या संसर्गानंतर काही महिन्यांनी येऊ शकतो आणि तोवर एएसओ उतरलेला असू शकतो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य माझ्या मदतीला धावून आले. मी सिडनहॅम कोरिया असे निदान लिहिले आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू केले. तीन महिन्यांत हालचाली थांबल्या. निदान बरोबर ठरल्याचे समाधान मला लाभले. पुढील पाच वर्षांत त्या मुलीने ८० हून अधिक इंजेक्शने निमूटपणे सोसली.

त्याच कार्डावर माझ्याच अक्षरात आणखी दोन नोंदी होत्या. प्लेटलेट १ लाख ५ हजार. पुढे मी ‘व्हायरल?’ असे लिहिले होते. डिसेंबरातील फेरतपासणीत दोन्ही पायांवर जांभळट, जाळीदार नक्षी, पुढे ‘थंडी’. प्लेटलेट मी पुन्हा मोजून घेतल्या नाहीत. नक्षी थंडी गेल्यावर गेली का, हेही विचारले नाही.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. त्यानंतरची हकीकत मला २०१६ साली कळली. २०१३ मध्ये पहिल्या गर्भारपणात नेहमीच्या तपासण्यांत व्हीडीआरएल ‘रिअॅक्टिव्ह’ आली. हा शब्द सासरच्या माणसांनी कागदावर वाचला आणि त्याचा अर्थ कोणाकडून तरी विचारून घेतला. टीपीएचए चाचणी निगेटिव्ह येऊन गुप्तरोगाचा संशय फिटेपर्यंत तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे त्या घरात कसे गेले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे अकराव्या आठवड्यात गर्भाचे ठोके थांबले. २०१५ मध्ये दुसऱ्या खेपेस तेराव्या आठवड्यात तेच घडले. क्युरेटिंगपूर्वीच्या तपासणीत एपीटीटी वाढलेला आला, म्हणून ‘रक्तस्रावाची प्रवृत्ती’ असा शेरा पडला आणि प्लाझ्मा देण्यात आला. दरम्यान अर्धशिशी कॉलेजपासूनच मागे लागलेली होती. तिच्यासाठी सर्वांनी एकच शब्द वापरला होता : टेन्शन.

२०१६ च्या मे महिन्यात धाकट्या भावाचे लग्न होते. मंगलकार्यात अडचण नको म्हणून तिने पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून घेतल्या आणि पुण्याहून रात्रभराच्या बसने इंदूरला आली. दुसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजली. ‘पाय मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळले गेले. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली आणि छातीत कळ आली. डॉपलरमध्ये मांडीपर्यंत गुठळी दिसली. तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. वय अवघे २६.

लांबचा प्रवास आणि गोळ्या ही दोन कारणे समोर होतीच. गुठळी त्यांच्या खात्यावर टाकून तीन महिन्यांनी औषध बंद करता आले असते. परंतु ज्या तरुण फिजिशियनकडे ती दाखल होती, तिने वडिलांना घरातील सगळे जुने कागद आणायला सांगितले. वडिलांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली आणि कागद तारखेनुसार लावले. सर्वांत खाली माझे २००४ चे कार्ड होते. संध्याकाळी तिचा फोन आला. “सर, हा कोरिया ऱ्हुमॅटिकच होता, याला काही पुरावा होता का?” प्रश्न अत्यंत आदराने विचारलेला होता. मला उत्तर द्यायला वेळ लागला.

रोगाचे फसवे रूप

या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली गुठळ्या, गर्भपात आणि मेंदूचे विकार यांची एकत्र सांगड घातली, म्हणून त्याला ह्यूज सिंड्रोम असेही नाव आहे. यात शरीर स्वतःच्याच काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रथिने, विशेषतः बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१, पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिडला चिकटणारी असतात. प्रतिपिंडांमुळे रक्तवाहिनीचे अस्तर, प्लेटलेट आणि गर्भाची वार यांवर परिणाम होऊन रक्त नको तेथे गोठू लागते.

रोगाची फसवेगिरी प्रयोगशाळेतच सुरू होते. परीक्षानळीत गोठण्याची क्रिया चालावी म्हणून फॉस्फोलिपिड घालावे लागते. ही प्रतिपिंडे ते अडवून ठेवतात, म्हणून नळीत रक्त उशिरा गोठते आणि एपीटीटी वाढतो. शरीरात मात्र नेमके उलटे घडते. या गुणधर्माला १९७२ मध्ये ‘लूपस अँटिकोअॅग्युलंट’ हे नाव मिळाले आणि तेच रूढ झाले. नाव दुहेरी चुकीचे आहे. असे अनेक रुग्ण असतात ज्यांना लूपस नसतो. आणि हा पदार्थ रक्त पातळ ठेवणारा नसून गोठवणारा आहे. आमच्या रुग्णाला ज्या कागदावर रक्तस्रावाची प्रवृत्ती चिकटवली गेली, तोच कागद खरे तर गुठळीची पूर्वसूचना देत होता.

व्हीडीआरएलचेही तसेच. मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ साली गाईबैलांच्या हृदयापासून कार्डिओलिपिन हे फॉस्फोलिपिड वेगळे केले आणि सिफिलिसच्या चाचणीत ते वापरले जाऊ लागले. ज्या स्त्रीच्या रक्तात फॉस्फोलिपिडशी संबंधित प्रतिपिंडे आहेत, तिची चाचणी सिफिलिस नसतानाही रिअॅक्टिव्ह येऊ शकते. वैद्यकशास्त्राला हे गेल्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक आहे. तरीही अहवालावर तो शब्द एकटाच छापून रुग्णाच्या हाती दिला जातो.

लक्षणांचा पसारा मोठा आहे. युरोपातील १३ देशांतील १,००० रुग्णांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ३९ टक्के रुग्णांना पायांच्या खोल शिरांत गुठळ्या, सुमारे ३० टक्क्यांना प्लेटलेटची कमतरता, सुमारे २४ टक्क्यांना त्वचेवरील जाळीदार नक्षी आणि सुमारे २० टक्क्यांना पक्षाघात आढळला. अर्धशिशीही सुमारे २० टक्क्यांना होती. कोरिया मात्र एक ते दीड टक्क्यालाच. म्हणजे माझ्यासमोर आलेले लक्षण या रोगात दुर्मिळ होते. पण शेजारी लिहिलेली दोन दुर्मिळ नव्हती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्या वेळी प्रतिपिंडे तपासलेली नसल्यामुळे तो कोरिया याच रोगाचा होता असे आज सिद्ध करता येणार नाही. माझी चूक पहिला विचार ऱ्हुमॅटिक तापाचा करण्यात नव्हती. पहिल्याच विचारावर मी थांबलो, ही चूक होती.

लक्षणे विखुरलेली की आपण?

कोरिया बालरोगतज्ज्ञाकडे, अर्धशिशी फॅमिली डॉक्टरांकडे, गर्भपात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, प्लेटलेट प्रयोगशाळेच्या कागदावर आणि नक्षी कोणाकडेच नाही. बारा वर्षांत या मुलीला किमान सहा डॉक्टरांनी तपासले. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट पाहिला. या रोगाची लक्षणे ‘विचित्र’ असतात असे आपण म्हणतो. माझे मत असे, की सुटे सुटे पाहिले तर त्यांतील एकही फार विचित्र नाही. डोकेदुखी, गर्भपात, पायाची सूज रोजच्या ओ.पी.डी.तच दिसतात. विचित्र असते ते त्यांचे एकाच तरुण व्यक्तीत एकत्र येणे. ते दिसायचे असेल तर कोणीतरी सगळा पट एकदम पाहावा लागतो. आपल्या व्यवस्थेत ते काम कोणाचेच नाही.

मुलाचे वय १८ झाले, की ते आमच्याकडून सुटते. फिजिशियनकडे जाताना कार्ड बरोबर जात नाही. मुलगी असेल तर शिक्षण, नोकरी, लग्न यांबरोबर गावही बदलते. माहेरच्या डॉक्टरांना सासरचे माहीत नसते, सासरच्यांना माहेरचे. आपल्या समाजातील कितीतरी मुली इंदूर-उज्जैन-देवासहून पुण्या-मुंबईला जातात. त्यांच्याबरोबर दागिन्यांची यादी जाते, रक्तचाचण्यांची जात नाही.

आणखी एक अडसर आहे, तो संकोचाचा. २०१४ साली, पहिल्या गर्भपातानंतर वर्षभराने, हीच मुलगी बहिणीच्या बाळाला लस देण्यासाठी माझ्याकडे आली होती. मी तिला लहानपणापासून पाहिलेले. थट्टेने विचारले, “काय गं, तुझ्याकडून अजून काही गोड बातमी नाही?” ती हसली आणि म्हणाली, “नाही काका.” माझ्या दवाखान्याच्या कपाटात तिचे कार्ड होते, ती समोर उभी होती, आणि मी डॉक्टर म्हणून एक प्रश्न विचारण्याऐवजी काका म्हणून दुसराच विचारला. पुढे एकदा मी तिच्याजवळ याबद्दल खंत व्यक्त केली. ती म्हणाली, “काका, तुम्ही नीट विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही. सगळे फक्त गोड बातमीच विचारत होते.”

गर्भपाताचा इतिहास ही केवळ स्त्रीरोगतज्ज्ञाची बाब नाही. तरुण स्त्री पक्षाघात, पायाची सूज, न समजणारी प्लेटलेटची कमतरता, यांपैकी काहीही घेऊन येवो, तिला तो प्रश्न विचारला गेला पाहिजे; आणि सासू, आई, नवरा यांना दोन मिनिटे बाहेर बसवून विचारला गेला पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही, खर्च येत नाही.

मग सर्वांची तपासणी करायची का?

या ठिकाणी व्यवसायबंधू रास्त आक्षेप घेतील. डोके दुखणाऱ्या प्रत्येक तरुणीची प्रतिपिंडे तपासायची का? मुळीच नाही. ही प्रतिपिंडे काही निरोगी माणसांतही सापडतात. संसर्गानंतर आणि काही औषधांमुळे ती तात्पुरती वाढतात. २०२० नंतर कोविडच्या अनेक रुग्णांत ती आढळली आणि बऱ्याच जणांत ओसरली. म्हणूनच पहिली चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करावी, असा दंडक २००६ सालच्या निकषांत घातला गेला. एका कागदावरून जन्मभराचा शिक्का मारणे हीदेखील हानीच आहे. तपासणी तीन गोष्टींची करायची : लूपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. पैकी पहिली चाचणी रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना फसवी येऊ शकते, हेही ध्यानी ठेवावे.

विचार करावा तो पुढील प्रसंगी : पन्नाशीच्या आत, पुरेसे कारण नसताना झालेली गुठळी किंवा पक्षाघात, दहाव्या आठवड्यानंतर निर्दोष गर्भाचा मृत्यू, किंवा त्याआधीचे वारंवार गर्भपात, मिश्रण-चाचणीतही न सुधारणारा वाढीव एपीटीटी, टीपीएचए निगेटिव्ह असताना रिअॅक्टिव्ह व्हीडीआरएल, ऱ्हुमॅटिक तापाचा आधार नसलेला कोरिया. अर्धशिशी, जाळीदार नक्षी, प्लेटलेटची मध्यम कमतरता यांपैकी एकेकटे लक्षण पुरेसे नाही. पण यांतील दोन-तीन एका कार्डावर आली तर लेखणी थांबवावी.

वेळेवर निदान झाल्याने काय साधते, याचेही उत्तर आहे. १९९७ साली लंडनमध्ये राज राय, लेस्ली रेगन आणि सहकाऱ्यांनी या रोगामुळे वारंवार गर्भपात झालेल्या ९० स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ अॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांना जिवंत मूल झाले. अॅस्पिरिनला हेपॅरिनची जोड दिल्यावर ७१ टक्क्यांना. हे आकडे आमच्या रुग्णाच्या दोन्ही गर्भारपणांच्या कितीतरी आधी छापले गेले होते.

गुठळी होऊन गेलेल्या रुग्णांसाठी वॉरफरिन किंवा त्या गटातील औषध आजही मुख्य आधार आहे. आयएनआर साधारणपणे २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो आणि त्यासाठी रक्त तपासत राहावे लागते. रुग्णांना त्याचा कंटाळा येतो आणि ‘तपासणी नको’ अशा नव्या गोळ्यांची मागणी होते. येथे सावध राहिले पाहिजे. तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवरील इटलीतील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रिव्हॅरोक्सॅबान घेणाऱ्यांत गुठळ्या, रक्तस्राव आणि मृत्यू मिळून १९ टक्के घटना घडल्या, वॉरफरिन घेणाऱ्यांत ३ टक्के. अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. मेथी-पालक वर्ज्य करण्याचीही गरज नसते. प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवले की पुरते. मात्र गर्भधारणेचा विचार होताच डॉक्टरांना सांगावे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते आणि वेळीच हेपॅरिनकडे वळावे लागते.

समाजातील भगिनींना एक विनंती. सणासाठी, लग्नासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. ज्या स्त्रीत गुठळीची प्रवृत्ती आहे, तिच्यासाठी हार्मोनच्या गोळ्या निर्धोक मानता येत नाहीत. आणि ती प्रवृत्ती आहे की नाही, हे तिला पुष्कळदा ठाऊकच नसते. देवाला चालणार नाही म्हणून जिवाशी खेळावे, असे कोणत्याही देवाने सांगितलेले नाही.

माझ्या तीन सूचना

पहिली बालरोगतज्ज्ञांना. १८ व्या वर्षी प्रत्येक मुलाला एक पानाचा गोषवारा लिहून द्यावा. मोठे आजार, दाखल झाल्याच्या तारखा, चालू औषधे. आणि मुख्य म्हणजे ज्यांचा उलगडा झाला नाही अशा गोष्टी. आपण निदाने लिहून देतो, प्रश्नचिन्हे लिहून देत नाही. माझ्या कार्डावरील ‘व्हायरल?’ मधले ते प्रश्नचिन्ह पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोचले असते, तर कदाचित त्याचे उत्तर कोणी शोधले असते.

दुसरी प्रयोगशाळा आणि प्रसूतिगृहे चालवणाऱ्यांना. व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आली तर टीपीएचएचा निष्कर्ष आणि डॉक्टरांचे चार शब्द यांच्याविना तो कागद कुटुंबाच्या हाती देऊ नये. पडताळणीच्या चाचणीला फार वेळ लागत नाही. उडालेला विश्वास परत यायला मात्र वर्षे लागतात.

तिसरी सर्व वाचकांना. घरातील वैद्यकीय कागदांची पिशवी आजच काढा आणि कागद तारखेनुसार लावा. जुनी हस्तलिखित कार्डे टाकून देऊ नका. मुलगी सासरी जाताना तिच्या कागदांची एक प्रत तिच्याबरोबर द्या.

आमच्या रुग्णाने २०१९ साली, रोज पोटात हेपॅरिनचे इंजेक्शन स्वतः टोचून घेत, एका मुलीला जन्म दिला. महिन्याभराने ती बाळाला घेऊन माझ्याकडे आली. लस टोचून झाल्यावर तिने विचारले, “काका, हिलाही होईल का हे?” मी सांगितले, की हा रोग आईकडून मुलीकडे सरळ जाणारा नाही, बाळ निरोगी आहे आणि आज तिच्या कोणत्याही तपासणीची गरज नाही. मग मी बाळाचे नवे कार्ड काढले आणि सर्वांत वर आईचा आजार तारखांसह लिहिला. ती म्हणाली, “आणि जुलैतली माझी तपासणीही लिहा.” मी लिहिली.

आपल्या संस्थेने १८ व्या वर्षीच्या गोषवाऱ्याचा एक साधा छापील नमुना तयार करून सर्व सभासदांना वाटावा, असा प्रस्ताव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. मसुदा तयार आहे. त्यातील शेवटचा रकाना ‘न उलगडलेल्या बाबी’ असा आहे, आणि तो रिकामा सोडू नये, एवढाच माझा आग्रह राहील.